टोरीचं तेल

हॉस्टेलमधल्या माझ्या पहिल्या जानेवारीत रूममेटने सीताबर्डीच्या एका दुकानातून एक डबी आणली. पांढरी, गोल, झाकणावर सोनेरी अक्षरं : शिया बटर. किंमत 599 रुपये. नागपूरची थंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, टाचा अशा फुटतात की चादरीत अडकतात. तिने ती डबी सगळ्यांना थोडी थोडी लावायला दिली. मऊ, पांढरं, वास जवळजवळ नाहीच. आम्ही पाच जणी टाचा पुढे करून बसलो होतो.

खरं तर माझ्या ट्रंकेतही एक बाटली होती. हॉर्लिक्सची जुनी, काचेची. तिच्यात आजीने दिलेलं टोरीचं तेल. टोरी म्हणजे मोहाची बी. पुस्तकी मराठीत तिला टोळी किंवा मोहटी म्हणतात. आम्ही राहतो मंचेरियलला, तिथे तेलुगूत मोह म्हणजे इप्प आणि हे तेल म्हणजे इप्प नूने. उन्हाळ्यात पातळ आणि पिवळं असतं, थंडीत तुपासारखं गोठतं. टाचा, ओठ, गुडघे, बाळंतिणीची पाठ, गाडीचा आस, देवाचा दिवा, सणाचे वडे, आजीच्या हिशेबात या सगळ्याला एकच तेल.

आणि त्याला वास येतो. उग्र, थोडा जुन्या तुपासारखा, थोडा ओल्या पोत्यासारखा. आल्या आल्या मी एकदा बाटली उघडली होती तेव्हा कोणीतरी विचारलं, "काही खराब झालंय का गं?" विचारणारीच्या मनात काही नव्हतं. पण मी बाटली बंद केली ती केलीच. पुढे ती ट्रंकेमागे ठेवली, आणि फेब्रुवारीत झाडलोट करायला येणाऱ्या मावशींना देऊन टाकली. देताना म्हटलं, "मावशी, हे फेकून दिलं तरी चालेल."

मावशींनी झाकण काढून नाकाशी नेलं. "टोरीचं हाय ना हे?" त्या कुरखेड्याकडच्या. नागपुरात येऊन त्यांना बरीच वर्षं झालेली. "केवढ्याले देता?" मी म्हटलं, तसंच घ्या. त्यांनी बाटली पदरात गुंडाळली आणि उरलेलं झाडायचं विसरून तशाच खाली गेल्या.

त्या रविवारी आजीचा फोन आला. "तेल संपलं का?"

"संपलं, आजी."

"येवढ्यात? मंग गुण आला म्हन ना पोरी! औंदा जास्त काढतो तुह्यासाठी."

हे मी इथे लिहिते आहे कारण पुढचं सगळं त्या एका "संपलं"मुळे झालं.

टीवायला वनस्पतिशास्त्राच्या सेमिनारसाठी विषय निवडायचा होता. मी शिया घेतला. खरं कारण ती डबी. आफ्रिका, सवाना, पांढरं लोणी, स्लाइड्स सुंदर होतील असं वाटलं. विषय सांगितला तर सरांनी वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "तू मंचेरियलची ना? तुमच्याकडे मोह नाही का?" मला संबंध कळला नाही. सर म्हणाले, आधी कुळ बघ.

कुळ सॅपोटेसी. चिकू त्यातला, खिरणी त्यातली, बकुळ त्यातली. आणि मोह आणि शिया दोन्ही. नुसते एका कुळातले नाहीत तर जुन्या वनस्पतितज्ज्ञांनी दोघांना एकाच गोत्रात घातलं होतं : मोह म्हणजे बासिया लॅटिफोलिया आणि शिया म्हणजे बासिया पार्काय. आज दोघांची नावं बदलली आहेत, मोह मधुका झाला आणि शिया विटेलारिया. पार्काय हे नाव मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशावरून. 1795 ते 1797 या काळात तो पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीपर्यंत फिरला, आणि या झाडाच्या लोण्याबद्दल त्याने लिहून ठेवलं की ते मिठाशिवाय वर्षभर टिकतं. त्याच्या साडेचारशे वर्षं आधी, 1352 च्या सुमारास मालीत गेलेल्या इब्न बतूताने सांगितलं आहे की लोक हे तेल स्वयंपाकाला वापरतात, दिव्याला वापरतात, अंगाला लावतात आणि मातीत कालवून घरंही लिंपतात. हे वाचताना मला आजीची यादी आठवली. घर लिंपायचं तेवढं तिच्या यादीत नाही.

शियाचं लोणी कसं करतात ते मी सेमिनारसाठी नीट पाहिलं. घाना, बुर्किना फासो, माली, नायजेरिया, सगळीकडे हे बायकांचं काम. झाड कोणी लावत नाही. शेत मोडताना ते तोडत नाहीत, एवढंच. फळ यायला पंधरा-वीस वर्षं लागतात, तेव्हा लावणार कोण? पावसाच्या तोंडाशी फळं पडायला लागतात. पहाटे वेचायची, गर काढायचा (तो खातात, गोड असतो), मग बिया पाण्यात उकळायच्या आणि उन्हात वाळवायच्या. कवच फोडून आतला गर वेगळा, पुन्हा वाळवण. मग भाजायचा, कुटायचा, दळायचा. दळल्यावर चॉकलेटसारखा काळसर लगदा होतो. आणि मग सगळ्यात जड काम : तो लगदा मोठ्या पातेल्यात घेऊन पाणी घालत हातांनी फेटायचा. आपण ताक घुसळतो ना, तसंच, पण रवी नाही, कोपरापर्यंत हात. फेटता फेटता लगदा फिका पडतो आणि पांढरट फेस वर येतो. तो काढून धुवायचा, कढवायचा, वरचं तेल गाळून थंड करायचं. तेच शिया बटर. पण ते डबीतल्यासारखं पांढरंशुभ्र नसतं. फिकट पिवळं असतं आणि त्याला धुराचा, भाजल्याचा वास असतो.

सेमिनार बरा झाला. शेवटी सरांनी एकच प्रश्न विचारला : उकळतात कशाला? मी म्हटलं, कवच मऊ व्हावं म्हणून. सर म्हणाले, तेही असेल, पण घरी जाशील तेव्हा आजीला विचार, टोरी लगेच का वाळवतात.

मी जुलैमध्ये गेले.

आजीचं गाव वांकिडीकडे, मंचेरियलहून आसिफाबादमार्गे बसने दोनेक तास, जवळजवळ महाराष्ट्राच्या हद्दीवर. तिच्या शेतात पाच मोह आहेत. आजोबांच्या वडिलांनी रान मोडलं तेव्हा बाकी सगळं तोडलं आणि हे ठेवले. चैत्रात फुलं वेचून होतात. मोह म्हटलं की लोकांना फुलंच आठवतात, म्हणजे दारू. हल्ली उटनूरकडच्या बायका इप्प फुलांचे लाडू करतात, त्यांचंही नाव झालंय. फळाचं मात्र कोणाला काही नाही. ते जूनमध्ये धरतं आणि पहिल्या पावसाबरोबर पडतं. अर्धं काम वटवाघळं करतात. गर खाऊन बी टाकतात, त्यामुळे सकाळी शेजारच्या वडाखालीसुद्धा टोऱ्या सापडतात. आजीला कोणत्या वडाखाली जायचं ते माहीत आहे.

मी गेले तेव्हा ओसरीवर पोतंभर फळं पडलेली. फळ दाबलं की चीक हाताला लागतो आणि साबणाने जात नाही. गर काढला की आत बी, तपकिरी, इतकी चकचकीत की पॉलिश केल्यासारखी वाटते. आजी पाटावर मूठभर बिया पसरायची आणि वरून वरवंटा नुसता फिरवायची, दाबायची नाही. कवच तडकतं, आतला गर दोन फाका होऊन बाहेर येतो. त्याला डाळ म्हणतात. मी केलं तेव्हा निम्मी डाळ ठेचली गेली.

मी आजीला सरांचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "वल्ली राह्यली तं तेल कडू होते. त्याच्यात काय विचारायचं?"

नंतर नागपूरला येऊन मी ते पुस्तकाच्या भाषेत वाचलं. बी ओली राहिली की तिच्यातलीच विकरं चरबी तोडायला लागतात, त्यात बुरशी भर घालते. चरबी तुटून आम्लं मोकळी होतात, ती चवीला कडवट आणि नाकाला उग्र. आफ्रिकेतल्या बायका बी उकळतात तेव्हा ही विकरं मरतात. आजी उकळत नाही, ती वाळवते. दोघींची अडचण एकच आहे : नेमकं पावसात फळ पडतं. ज्या दिवसांत ऊन हवं त्याच दिवसांत ते नसतं.

ते चार दिवस आम्ही ऊन शोधण्यात घालवले. ऊन पडलं की डाळ अंगणातल्या चटईवर, ढग आले की आत. एका दुपारी तीनदा. रात्री चुलीवरच्या माळ्यावर पसरायची आणि खाली मंद जाळ ठेवायचा. आजीचे गुडघे गेलेले आहेत, माळ्यावर चढायला शेजारच्या काकू येतात. सकाळी आजी डाळ मुठीत घेऊन हुंगायची, काळी पडलेली फाक काढून टाकायची. मला वाटलं फारच टाकते आहे. म्हटलं, "आजी, एवढी कशाला फेकतेस?" ती म्हणाली, "तुले लावाले पाह्यजे ना. माह्यासाठी असती तं चालली असती."

माझ्या तोंडून काही निघालं नाही.

म्हणजे तो वास, ज्याची मला लाज वाटली, तो काही तेलाचा जन्मजात वास नव्हता. थोडा असतो, पण बराचसा त्या पावसाचा. मागच्या वर्षी पाऊस लागून राहिला होता आणि आजी एकटी होती. काकू आजारी, माळ्यावर चढवणारं कोणी नाही. ते तेल मी फेकून द्या म्हणून दिलं.

पूर्वी घाणा घरीच होता. घाणा म्हणजे बैलाचा नाही. दोन जाड लाकडी फळ्या. डाळ कुटायची, टोपलीत घालून उकळत्या मडक्यावर वाफवायची, मग वेलीच्या दोऱ्याने विणलेल्या गोल पिशवीत भरून दोन फळ्यांमध्ये ठेवायची. फळ्यांचं एक टोक खांबाला अडकवलेलं, दुसऱ्यावर दगड. "दगड पुरला न्हाई का मी अन माही जाऊ बसत होतो," आजी म्हणाली. त्या फळ्या अजून गोठ्यात आहेत. त्यांच्यावर कोंबड्या बसतात.

आता डाळ मंचेरियलला आणतात, गिरणीत. आम्ही पोतं बसमध्ये घातलं. गिरणीवाल्याने पोत्यात हात घालून पाहिलं आणि म्हणाला, "इप्प? आदिवारम रंडि." रविवारीच का, तर टोरी काढल्यावर यंत्राला तिची चव लागते आणि सोमवारी भुईमूगवाले भांडतात. रविवारी टोरी काढून तो यंत्र धुऊन ठेवतो. आम्ही रविवारी गेलो. 18 किलो डाळीचं साडेपाच किलो तेल निघालं. गरम, हिरवट पिवळं, फेसाळ. बाबांनी पेंड गिरणीतच सोडू म्हटलं तर आजी रागावली. ती पेंड जनावरं खात नाहीत, कडू असते, पाण्यात टाकली तर मासे मरतात. पण आजी तिने केस धुते आणि पावसाळ्यात धुरी करते. (इंग्रजांनी हीच पेंड मोव्रा मील नावाने विलायतेला नेली आणि गोल्फच्या हिरवळीवर टाकली, गांडुळं वर येऊन मरावीत म्हणून. मोहाचा प्रवास कुठवर गेला बघा.)

दोन दिवस तेल स्थिर ठेवलं. गाळ खाली बसला, वरचं निथळून घेतलं. मग आजीने कढईत थोडं तापवलं, चांगलं धूर येईपर्यंत, आणि त्यात ओल्या पिठाचा एक गोळा सोडला. तडतड आवाज, भरपूर वाफ. गोळा काळा झाला की काढून टाकला. हे खायचं तेल. लावायचं तसंच ठेवलं.

मी पाहत राहिले. कारण रिफायनरीत जे करतात ते मी सेमिनारसाठी वाचलं होतं. आधी तेलातला चिकट भाग काढतात, मग कॉस्टिक घालून मोकळी आम्लं साबणाच्या रूपात वेगळी करतात, मग विशिष्ट मातीतून नेऊन रंग काढतात. शेवटची पायरी वास काढायची : निर्वात टाकीत तेल दोनशे अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. वाफ वास घेऊन जाते. आजीने निर्वात टाकीशिवाय तेच केलं होतं, पिठाच्या गोळ्यातलं पाणी वापरून. मी तिला हे उत्साहाने समजावून सांगितलं, आणि म्हटलं की कारखान्यात तर वास एकदम शून्य होतो, त्या डबीतल्या तेलाला अजिबात वास नाही.

आजी म्हणाली, "वासच गेला तं मानसाले कळन कसं, कायचं तेल हाय ते?"

ती हे विनोदाने म्हणाली नाही. तिला खरंच अडचण वाटत होती. बाजारात भेसळ असते, ती नाकानेच ओळखते. पण मला त्या प्रश्नाने दुसरीकडे नेलं. शियाचा फार मोठा भाग डबीत जात नाही, चॉकलेटमध्ये जातो. युरोपात 2000 साली नियम झाला की चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याशिवाय सहा वनस्पतींच्या चरबी पाच टक्क्यांपर्यंत चालतील. त्या यादीत शिया आहे, पाम आहे, आणि आपले साल, कोकम, आंब्याची कोय आहे. सहावं नाव इलिप. हा शब्द तमिळ इलुप्पैवरून आला, म्हणजे मोह, आमचं इप्प. पण नियमात त्या नावाने धरलेलं झाड बोर्निओचं, सालाच्या जातीतलं. नाव मोहाचं, माल दुसऱ्याचा. रंग नाही, वास नाही, मग त्या पाच टक्क्यांत काय आहे ते खाणाऱ्याला कोण सांगणार?

आणि शियाच्या बऱ्याच बिया लोणी न होताच जहाजात चढतात. फेटणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्था घानात, बुर्किनात आहेत, त्यांचं लोणी बाहेर जातं. पण मोठे कारखाने बीच मागतात, कारण त्यांना सगळी प्रक्रिया आपल्या हातात हवी असते. बी वेचणं, उकळणं, वाळवणं मात्र त्याच बायकांकडे राहतं, आणि तेल कडू निघणार की नाही ते तर तिथेच ठरलेलं असतं.

मी एक हिशेब केला होता, तो आजीला दाखवायची हिंमत झाली नाही. केंद्र सरकारने 2020 मध्ये टोरीचा हमीभाव किलोला 29 रुपये केला. 18 किलो डाळीला साधारण 26 किलो टोरी लागली. म्हणजे हमीभावाने 754 रुपये. चार दिवसांचं ऊन, माळा, जाळ, काकूंचं चढणं-उतरणं धरून. डबी 599 ची. बसमध्ये माझ्या डोक्यात योजनाही चालू झाली होती, आपणच रिफाइन करू, बाटली, लेबल, गोंडी नक्षी. पण त्या टाक्या पाच किलोसाठी नसतात. आणि खरं सांगायचं तर योजना करणं मला सोपं जात होतं, जे सांगायचं होतं त्यापेक्षा.

निघायच्या आदल्या रात्री आजी बाटली भरत होती. हॉर्लिक्सची दुसरी. मी म्हटलं, "आजी, मागचं तेल संपलं नव्हतं. मी ते देऊन टाकलं."

"कोनाले?"

"हॉस्टेलमध्ये झाडायला येतात त्या मावशींना. मला वास सहन... म्हणजे बाकीच्या मुलींना..."

आजीने गाळणी तशीच धरून ठेवली. तेल थेंब थेंब गळत होतं. मला वाटलं आता रागावेल, रागावली असती तर बरं झालं असतं.

"कुठली हाय ते बाई?"

"कुरखेड्याकडची."

"वळखलं तिनं?"

"लगेच. झाकण काढलं आणि ओळखलं."

"वळखन ना. तिकडं टोरी बक्कळ." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता : "औंदाचं चांगलं हाय. तिले सांगजो, मागचं पावसानं नासलं होतं म्हनून."

आणि ती बाबांना हाक मारून विचारायला लागली की घरात घट्ट झाकणाची अजून एक बाटली आहे का.